चार शुभवर्तमानं शेजारी-शेजारी ठेवून कशी वाचायची?

बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, म्हणजे नव्या कराराच्या, सुरुवातीला चार शुभवर्तमानं आहेत: येशूच्या जीवनाचे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या नावांचे चार वृत्तांत. नवा करार पहिल्यांदा हातात घेणारा माणूस मत्तय संपवतो, मार्क उघडतो आणि चार पानांतच म्हणतो, "हे तर आत्ताच वाचलं की!" मग लूक वरवर चाळला जातो आणि योहानापर्यंत पोचेस्तोवर सगळं एकमेकांत मिसळून जातं. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्योतिषी पंडित, आणि रानातले मेंढपाळ एकाच गोठ्यात येऊन उभे राहतात. खरं तर मागी फक्त मत्तयाकडे आहेत आणि मेंढपाळ फक्त लूककडे. नाताळच्या देखाव्यात ते शोभतं, पण वाचताना ही सरमिसळ महागात पडते. कोण कुणाला सांगतोय, हेच तिच्यात पुसलं जातं.

सरमिसळीचा मोह जुनाच आहे. इ.स. १७० च्या सुमारास तातियान नावाच्या सिरियाच्या लेखकानं चारही वृत्तांत गुंफून एकच सलग कथा तयार केली आणि सिरियाई भाषेच्या मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती समुदायांत, ती बराच काळ वाचली जात होती. तरी शेवटी टिकले ते चार वेगवेगळे वृत्तांतच. १८० च्या सुमारास लिहिणाऱ्या इरेनियस या बिशपनं तर ते चारच का, याची बाजूही मांडली. विसंगती दिसत असूनही चारही आवाज जपले गेले, ही मला त्या काळच्या मंडळीची फार मोठी गोष्ट वाटते. ते आवाज वेगवेगळे ऐकू यावेत, यासाठी ही पद्धत सांगतोय. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, तिचा उपयोग सारखाच.

सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे. दोन वृत्तांतांत फरक दिसला की थांबायचं आणि विचारायचं: समोर कोणता श्रोता असला तर हे वाक्य असं सांगावं लागेल? वाचकापेक्षा श्रोता म्हणणंच बरं, कारण पहिल्या शतकात पोथी एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. १६१६ साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ते ओवीत आहे, कारण पुराण ऐकायची सवय असलेली माणसं समोर बसली होती.

काय जवळ ठेवायचं

मराठी बायबल, कुठलंही. शक्यतो दोन वेगवेगळी भाषांतरं घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं आणि १९२४ मध्ये छापून झालेलं भाषांतर मिळालं तर जरूर बघा. एक मोठी वही आडवी धरून तीन किंवा चार रकाने आखा. तीन रंगांच्या पेन्सिली पुरेत.

अनेक मराठी आवृत्त्यांत प्रसंगाच्या मथळ्याखाली बारीक अक्षरांत समांतर उतारे दिलेले असतात: मत्तयात अमुक, लूकमध्ये तमुक. ते आयतं साधन आहे. मथळे मात्र संपादकांचे आहेत. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आणि वचनांचे १५५१ च्या आवृत्तीतले. पुस्तकांवरची नावंसुद्धा मूळ मजकुराचा भाग नव्हती, ती बहुधा दुसऱ्या शतकात जोडली गेली. म्हणून तुलना करताना मथळा झाकून ठेवावा. तो आधीच अर्थ सांगून मोकळा होतो.

पहिली पायरी: मार्क एका बैठकीत

छापील क्रम मत्तयापासून असला तरी सुरुवात मार्कपासून करा. सोळाच अध्याय आहेत, दोन तासांत होतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो सर्वांत आधीचा, साधारण इ.स. ७० च्या आसपासचा. ते साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी तीत या सेनापतीच्या रोमन फौजेनं यरुशलेमचं मंदिर पाडलं. मत्तय आणि लूक हे साधारण ८० ते ९० च्या दरम्यानचे मानले जातात, योहान शतकाच्या शेवटाकडचा. मार्कमधला जवळपास नऊ दशांश मजकूर मत्तयात सापडतो आणि निम्म्याहून अधिक लूकमध्ये. त्यामुळे मार्क डोक्यात पक्का बसला की बाकीच्या दोघांनी काय बदललं, काय गाळलं, काय घातलं, हे आपोआप डोळ्यांत भरतं.

वाचताना मार्कची घाई जाणवेल. 'लगेच', 'तत्काळ' असे शब्द सारखे येतात. शेवटही तसाच तुटक आहे. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, म्हणजे सिनाईटिकस आणि व्हॅटिकानसमध्ये, तो १६:८ पाशी थांबतो: स्त्रिया कबरेपासून पळाल्या आणि भीतीनं कुणालाच काही बोलल्या नाहीत. पुढची बारा वचनं नंतरची आहेत.

दुसरी पायरी: चार सुरुवाती

आता फक्त चौघांच्या सुरुवाती वाचा.

मार्क जन्मकथा सांगतच नाही. मोठा झालेला येशू थेट यार्देन नदीवर येतो. मत्तय वंशावळीनं सुरू होतो, अब्राहामापासून, आणि ती चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत बसवून दाखवतो. ज्याला अब्राहाम आणि दावीद ही नावं घरची आहेत, त्यालाच ही यादी ऐकताना काही वाटेल. लूकची वंशावळ तिसऱ्या अध्यायात येते आणि उलटी चढत आदामापर्यंत जाते, म्हणजे साऱ्या माणसांच्या मूळ पुरुषापर्यंत. त्याआधी पहिल्या चार वचनांत तो थियफिल नावाच्या प्रतिष्ठित माणसाला आदरानं संबोधून सांगतो, की मी सगळ्याची मुळापासून चौकशी करून हे क्रमवार लिहितो आहे. ग्रीक ग्रंथकारांची प्रस्तावना लिहायची जी रीत होती, तीच ही. योहान तर विश्वाच्या उत्पत्तीच्याही मागे जातो: प्रारंभी शब्द होता.

तिसरी पायरी: एकच प्रसंग, तीन रकाने

पहिला सराव कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाचा करावा. मार्क २:१-१२, मत्तय ९:१-८, लूक ५:१७-२६. मजकूर हातानं उतरवून काढा. हा आळस करू नका, कारण फरक दिसतात ते लिहिताना. तिघांत सारखं असेल ते एका रंगानं, दोघांत असेल ते दुसऱ्या, एकट्याकडे असेल ते तिसऱ्या रंगानं रंगवा.

मग छपराकडे बघा. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही म्हणून चौघे जण आजाऱ्याला वरून खाली सोडतात. मार्कमध्ये ते छप्पर उकरतात, खणून भोक पाडतात. गालीलातली घरं तशीच होती: दगडी भिंती, वर आडवी लाकडं, त्यावर फांद्या आणि थापलेली माती. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकाला माळवद म्हटलं की चित्र डोळ्यांपुढे येईल. लूकमध्ये ती माणसं कौलांमधून खाट खाली सोडतात. घर तेच, गाव तेच, छप्पर मात्र बदललं. लूकच्या श्रोत्यांच्या शहरांतली घरं कौलारू असणार आणि उकरलेलं छप्पर त्यांना कळलंच नसतं. मत्तयानं तर छप्पर पार गाळलं आहे. त्याला पोचायचं होतं पापक्षमेच्या वादापर्यंत.

असाच एक लहान फरक पुढे जागोजाग भेटेल. मार्क आणि मत्तय ज्याला गालीलचा समुद्र म्हणतात, त्याला लूक सरोवर म्हणतो. भूमध्य समुद्र पाहिलेल्या माणसापुढे त्या पाण्याला समुद्र कसं म्हणणार?

चौथी पायरी: जिथे खुलासा येतो तिथे थांबा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. लेखक खुलासा करतो ते श्रोत्याला माहीत नसतं म्हणून. ज्याचा खुलासा करत नाही, ते श्रोत्याला ठाऊक आहे असं तो धरून चालतो. यापेक्षा चांगला पुरावा हाती लागणं कठीण.

मार्क ७ आणि मत्तय १५ शेजारी ठेवा. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) आणि शास्त्री आक्षेप घेतात. मार्क मध्येच कथा थांबवतो आणि दोन वचनं खर्च करून सांगतो, की परूशी आणि सगळे यहूदी वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, बाजारातून आल्यावर अमुक करतात, प्याले, घागरी, तांब्याची भांडी धुतात. मत्तयात यातलं अक्षरही नाही. आक्षेप येतो आणि उत्तर सुरू होतं. ज्याच्या घरी रोज हे चालतं त्याला कोण समजावून सांगेल?

आता शेवटाकडे या. मार्क ७:१९ मध्ये लेखक स्वतःचं एक वाक्य घालतो: असं म्हणून येशूनं सर्व अन्न शुद्ध ठरवलं. हे वाक्य मत्तयानं उचललेलं नाही. तो प्रसंग बंद करतो तो इतकंच म्हणून, की न धुतलेल्या हातांनी जेवल्यानं माणूस विटाळत नाही. प्रश्न हातांचा होता, उत्तरही हातांपुरतंच. मार्कच्या श्रोत्यांत परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, भरपूर असणार आणि काय खावं, काय नको हा त्यांच्या पंगतीचा रोजचा प्रश्न. मत्तयाच्या श्रोत्यांत नियमशास्त्र पाळणारी माणसं आहेत. त्यांच्यासमोर एका वाक्यात सगळे आहारनियम मोडीत काढणं त्याला नको होतं. "नियमशास्त्र रद्द करायला मी आलो नाही" या अर्थाचं विधान ५:१७ मध्ये फक्त त्याच्याकडे आहे, ते उगाच नाही.

लूककडे बघाल तर हा वाद या स्वरूपात नाहीच. जेवणाआधी हात न धुतल्याबद्दल एका परूशाला नवल वाटतं, तेवढा उल्लेख ११:३८ मध्ये येतो आणि बोलणं दुसरीकडे वळतं.

याच अध्यायांत पुढे मुलीसाठी पदर पसरणारी परदेशी बाई आहे. मार्क तिला जन्मानं सिरोफिनिकी म्हणतो, त्याच्या काळाचा साधा प्रादेशिक उल्लेख. मत्तय तिला कनानी म्हणतो. इस्रायलाच्या शास्त्रांतलं जुन्या वैऱ्याचं नाव त्यानं मुद्दाम काढलं आहे, ऐकणाऱ्याला तो डंख कळावा म्हणून. आणि त्याच कनानी बाईच्या विश्वासाची मोठी प्रशंसा तो येशूच्या तोंडी घालतो.

मार्कमध्ये असे खुलासे शोधत गेलात तर वहीचं पान भरेल. तलीथा कूम, इप्फाथा, कुर्बान, गुलगुथा हे अरामी-इब्री शब्द तो देतो आणि प्रत्येकाचा अर्थ लगेच सांगतो. विधवेची दोन नाणी म्हणजे किती, हे रोमन क्वाद्रान्स नाण्यात मोजून सांगतो. उलट १५:२१ मध्ये क्रूस वाहणाऱ्या कुरेनेच्या शिमोनाची ओळख तो "आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप" अशी करून देतो आणि हे दोघे कोण ते सांगत नाही. ऐकणारे त्यांना ओळखत होते, एवढाच याचा सरळ अर्थ. मार्कचे श्रोते रोममध्ये होते ही जुनी परंपरा आहे. काही अभ्यासक सिरिया सुचवतात. अरामी न समजणारे श्रोते होते, हे दोन्ही बाजूंना मान्य.

पाचवी पायरी: एक संकट, तीन सूचना

मार्क १३:१४-१८, मत्तय २४:१५-२०, लूक २१:२०-२४. यरुशलेमवर येणाऱ्या अरिष्टाबद्दल येशू बोलतो आहे.

मार्क म्हणतो, ओसाडी आणणारी अमंगळ गोष्ट नको तिथे उभी दिसली की पळा, आणि मध्येच कंसात बोलल्यासारखं: वाचणाऱ्यानं हे समजून घ्यावं. मत्तय तोच इशारा देतो, पण दानिएल संदेष्ट्याचं नाव घेऊन. त्याच्या श्रोत्यांकडे ती पोथी होती. लूक सगळं गूढ बाजूला ठेवून सांगतो, यरुशलेमला सैन्यांचा वेढा पडलेला दिसला की समजा. ७० सालचा वेढा होऊन गेल्यावर तो लिहीत असावा असं मानण्याचं हे एक मोठं कारण.

पुढे मार्क म्हणतो, हे हिवाळ्यात घडू नये म्हणून प्रार्थना करा. मत्तय त्यात एक लहानशी भर घालतो: किंवा शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या शनिवारी. जीव वाचवून पळतानाही शब्बाथ मोडावा लागेल याची काळजी कुणाला वाटेल? कोकणात बेने इस्रायली, म्हणजे तिथल्या यहूदी, लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. तो दिवस पाळणं म्हणजे काय, हे ज्यांनी शेजारी पाहिलं त्यांना मत्तयाची ही भर पटकन कळेल.

सहावी पायरी: योहान वेगळा वाचा

योहानाला पहिल्या तिघांच्या रकान्यात कोंबू नका. त्याचा क्रमच वेगळा. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग बाकीचे तिघे शेवटच्या आठवड्यात ठेवतात, योहान दुसऱ्याच अध्यायात. त्या तिघांत शेवटचं भोजन वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या यहूदी सणाचं, आहे. योहानात येशू वधस्तंभावर जातो ते वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, आणि त्या भोजनात भाकर-द्राक्षारसाच्या ऐवजी तो शिष्यांचे पाय धुतो. भुतं काढल्याचा एकही प्रसंग योहानात नाही.

त्याचे श्रोते ओळखायला दोन धागे पुरतात. एक, तो 'रब्बी' आणि 'मशीहा' या शब्दांचेही अर्थ सांगतो, म्हणजे काही ऐकणारे अगदी बाहेरचे. दोन, विश्वास ठेवणाऱ्यांना सभास्थानातून (यहूद्यांच्या प्रार्थनास्थळातून) बहिष्कृत केल्याची गोष्ट तो तीनदा काढतो, ९:२२, १२:४२ आणि १६:२ मध्ये. ही जखम ताजी आहे. नवव्या अध्यायातल्या आंधळ्याच्या आईवडिलांचं ते "तो सज्ञान आहे, त्यालाच विचारा" हे भ्यालेलं उत्तर या पार्श्वभूमीवर वाचा. गावानं वाळीत टाकण्याची धास्ती घेऊन जगणाऱ्या माणसांना ते पुन्हा समजावून सांगायची गरज नव्हती. २०:३१ मध्ये तर योहान लिहिण्याचा हेतू स्वतःच सांगतो: तुम्ही विश्वास ठेवावा आणि जीवन मिळवावं.

इथे एक गोष्ट तळमळीनं सांगायची आहे. योहानात 'यहूदी' हा शब्द कितीतरी वेळा विरोधकांसाठी येतो, आणि मत्तय २७:२५ मध्ये जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. श्रोता विसरून ही वाक्यं वाचली गेली आणि शतकानुशतकं यहुद्यांच्या छळासाठी वापरली गेली. मुळात हे एका घराच्या आतलं कडाक्याचं भांडण आहे. येशू यहूदी, त्याचे शिष्य यहूदी, मत्तयाचे बरेचसे श्रोतेही यहूदीच. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर टाकता येणार नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये स्पष्ट नोंदवलं. कुणासाठी लिहिलं, हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. त्यावर माणसांचे जीव गेले आहेत.

निष्कर्ष लिहिण्याआधी

मत्तय यहुद्यांसाठी, मार्क रोमनांसाठी, लूक ग्रीकांसाठी, योहान सर्वांसाठी असा तक्ता तुम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळेल. तो पाठ करू नका. मत्तयाची पहिली वंदना परदेशी मागी करतात आणि त्याच्या शेवटी येशू सर्व राष्ट्रांकडे जा असं सांगतो. 'ग्रीकांचा' म्हटला जाणारा लूक सुरू होतो यरुशलेमच्या मंदिरात, याजक धूप दाखवत असताना, आणि संपतोही मंदिरातच. त्याचे श्रोते जन्मानं कुणीही असोत, यहूदी शास्त्रं त्यांनी ग्रीकमधून भरपूर ऐकलेली असणार.

दुसरा धोका गोल फिरण्याचा. मजकुरावरून श्रोता ठरवायचा आणि मग त्या श्रोत्यावरून मजकुराचा अर्थ लावायचा, यात आपण आपलंच बोलणं ऐकत राहतो. १९९८ मध्ये बायबलचे अभ्यासक रिचर्ड बॉकम यांनी तर मुळावरच बोट ठेवलं: ही पुस्तकं एकेका लहान मंडळीसाठी नव्हतीच, सगळीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत फिरावीत म्हणून लिहिली गेली. त्या काळी माणसं आणि पोथ्या बऱ्याच फिरत, हे खरं आहे. मला त्यांचा इशारा रास्त वाटतो, तरी हात धुण्याचा खुलासा आणि शब्बाथाची भर यांचं स्पष्टीकरण श्रोत्याशिवाय होत नाही. म्हणून वहीत "मत्तयाची मंडळी अंत्युखियात होती" असं लिहू नका. "आहारनियम जपणारे श्रोते त्याच्यासमोर होते, आधार मत्तय १५:२० आणि मार्क ७:१९ मधला फरक" असं लिहा. वचनाचा आकडा देता येत नसेल तर ते वाक्य खोडा.

पुढचा सराव

'धन्य' म्हणणारी वचनं घ्या. मत्तय ५ मध्ये 'आत्म्याने दीन' धन्य आहेत आणि प्रवचन डोंगरावर होतं. लूक ६ मध्ये सरळ 'तुम्ही दीनांनो' म्हटलंय, प्रवचन सपाटीवर, आणि पाठोपाठ 'तुम्हा धनवानांची केवढी दुर्दशा' असा घाव. थियफिलसारखा प्रतिष्ठित माणूस समोर असताना लूकनं तो का ठेवला, यावर विचार करा.

मग वधस्तंभावरचे शेवटचे शब्द: मार्क १५:३४, लूक २३:४६, योहान १९:३०. चारही वृत्तांतांतले उद्गार एकत्र करून 'सात उद्गार' म्हणून ऐकायची आपल्याला सवय आहे. एकेक वेगळा काढून त्या-त्या पुस्तकाच्या शेवटी ठेवून वाचा. छळ सोसणाऱ्या श्रोत्याला मार्कमधला "तू माझा त्याग का केलास?" हा आक्रोश कसा ऐकू आला असेल, ते लिहा.

हे जमलं की मोहरीच्या दाण्याचा दाखला घ्या. मार्क ४:३१ मध्ये तो जमिनीत पडतो, मत्तय १३:३१ मध्ये शेतात, लूक १३:१९ मध्ये बागेत. आणि चौथ्या रकान्यात थोमाचं शुभवर्तमान लिहा, जे बायबलमध्ये नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ त्याची कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या भाषेतली) प्रत सापडली. त्यात येशूची ११४ वचनं आहेत. जन्म नाही, वधस्तंभाची कथा नाही. मोहरीचा दाखला विसाव्या क्रमांकावर आहे. घटना सगळ्या गाळून नुसती वचनं जपणारा श्रोता काय शोधत असेल, हा प्रश्न त्या रकान्याच्या डोक्यावर लिहून कामाला लागा.